आत्याची गोष्ट आणि काकांची कॉफी

अम्मान
३ मार्च १९९८

वतफा आत्याला सलाम,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? मुतलक काकांना आणि उम्म नव्वाफ काकूंना माझा सलाम सांग. आमचा ताइम शाळेत जायला लागलाय आणि रोज बाईंना काहीतरी उलट उत्तर देऊन येतो. तुझ्यावर गेलाय असं त्याचे बाबा म्हणतात. मी हो म्हणून टाकते.

आता कामाचं. तू वैतागणार हे ठाऊक आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

लुवैबिदाच्या टेकडीवर मी आणि निदाल भागीदारीत जे घर चालवतो ते तुला माहीतच आहे. परदेशातून इथे राहायला आलेली माणसं येतात, अरबी शिकतात, भाताचं पातेलं ताटावर न सांडता उलटं कसं करायचं ते शिकतात, कुणी कशिदा घेऊन बसतं. छान चाललंय. मागच्या महिन्यात आम्ही ठरवलं, एक संध्याकाळ आपल्या गोष्टींची करू या. निदालने कुठून तरी एक गृहस्थ धरून आणले. लाल टोपी, रंगवलेल्या मिशा, हातात लाकडी तलवार. तासभर तो माणूस तलवार आपटत नुसता ओरडत होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे आइली नावाच्या एक बाई येतात, फिनलंडच्या. सत्तरी गाठलीय. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी अशाच गोष्टी सांगायचे का गं?"

खोटं बोलवेना. म्हटलं, नाही. आमच्या घरी माझी आत्या सांगायची. ती आवाज चढवत नाही, उतरवते. घूल राक्षसीण दाराशी आली की तिचा आवाज इतका खाली जातो की आपण श्वास धरून पुढे सरकतो, आणि मग ती आपल्या पोटात बोट खुपसते.

बाई म्हणाल्या, "मग तिलाच का नाही बोलावलंस?"

खरंच, का नाही बोलावलं? मला स्वतःचीच लाज वाटली. म्हणून आता बोलावते. ईद झाली की ये. हुलैलच्या बसमध्ये पुढची सीट धरून ठेवायला सांगते. आमच्याकडेच राहा. घोंगडीवर बसायचं, गुडघ्यावर शाल घ्यायची, आणि मला सांगायचीस तशी सांगायची. बाकी मी बघते.

तुझी,
रुदैना


ऐन हजल
१२ मार्च

अल्लाहच्या नावाने. माझ्या गेलेल्या भावाच्या लेकीला, रुदैनाला, तिच्या आत्याचा सलाम.

हुलैलने तुझं पत्र गाडी न थांबवताच खिडकीतून फेकलं. ते पडलं शेळ्यांच्या पाण्यात. दोरीवर वाळवून वाचलं. त्या मेल्याला पुढच्या वेळी चहा देणार नाही मी.

आधी त्या लाल टोपीवाल्याचं सांगते. तलवार कशाला? गोष्ट काय खाटकाच्या दुकानात सांगायची असते? आणि निदालच्या डोक्यात काय भुसा भरलाय? गोष्ट सांगायला म्हातारी शोधायची की मिशा शोधायच्या?

येतेस का म्हणून विचारतेस. अगं, मी चपला घालून उभी आहे. साक्षरतेचे वर्ग घेणाऱ्या बाईंनी मला म्हातारपणी लिहायला शिकवलं ते काय नुसती किराण्याची यादी करायला? मला अम्मान बघायचंय, तुझं ते घर बघायचंय, आणि त्या आइलीबाईच्या पोटात बोट खुपसायचंय. पण तुझ्या काकांना विचारल्याशिवाय मी उंबरा ओलांडणार नाही, हे तूही जाणतेस.

विचारलं. तो कॉफी भाजत बसला होता. म्हटलं, या वेळी माणूस जरा मऊ असतो. पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मान वर केली नाही. दाणे हलवत म्हणाला, "माझ्या बहिणीचा आवाज बाजारात जायचा नाही."

मी म्हटलं, "बाजार कुठला? पोरीचं घर आहे."

"परके पुरुष असतात ना तिथे? झालं तर मग."

"तुझी कॉफी तू अख्ख्या मुलखाला पाजतोस, ती चालते?"

"कॉफी बैठकीतली असते. गोष्टी गोधडीतल्या. गोधडी कुणी दारात वाळत घालतं का?"

"रोज घालतात," मी म्हटलं. "नाहीतर ढेकूण होतात."

उम्म नव्वाफ कनातीमागे हसली आणि काम बिघडलं. तो उठला, खलबत्ता घेतला आणि असा कुटायला लागला की शेजारच्या वस्तीवरची दोन माणसं कॉफीला बोलावतायत असं समजून आली.

वाईट माणूस नाही गं तो. माझा नवरा गेला तेव्हा त्याने मला आणलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, माझी बहीण या घरात पाहुणी आहे, तिला कुणी पाण्याची घागर उचलायला लावली तर गाठ माझ्याशी आहे. आजवर कुणी लावली नाही. पण त्याच माणसाने गेल्या वर्षी छतावर टीव्हीची ती मोठी थाळी बसवली. आता संध्याकाळी पोरं त्या डब्यासमोर बसतात. डब्यातल्या बायकांना परके पुरुष, घरचे पुरुष, सगळे बघतात, त्याचं काही नाही. मी हाक मारली की पोरं म्हणतात, "आजी, हे संपू दे." ते कधी संपत नाही. या हिवाळ्यात माझी एकही गोष्ट पुरी झाली नाही, रुदैना. आईने मला दिलेल्या साऱ्या गोष्टी माझ्या पोटात आहेत आणि त्या माझ्याबरोबर मातीत जाणार, याचं मला फार वाईट वाटतं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

हुलैलबरोबर वाळवलेल्या दह्याचे गोळे पाठवतेय. रात्रभर भिजव. मागच्या वेळी भिजवले नाहीस आणि मिक्सर मोडलास.

तुझी आत्या


अम्मान
२१ मार्च

आत्या,

गोळे मिळाले. मिक्सरचं बोलू नकोस.

तुझं पत्र वाचून मी रडले आणि मग मला राग आला. काकांवर नाही. काका आहेत ते आहेत. पण तुझ्या गोष्टी मातीत जाणार हे मी ऐकून घेणार नाही. तुला इथे यायची परवानगी नाही ना? ठीक. मी पाहुण्यांना तिकडे आणते. काकांच्या दारात आलेल्या पाहुण्याला काका नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. तंबूही वसंतात उभा असतोच. सहा माणसं आणते, आइलीबाई त्यांत आल्याच.

आता नीट ऐक. बाबांसाठी आईला मागणी घालायला आपले लोक शोबकला गेले होते, ती गोष्ट तूच मला सांगितलीस. मुतलक काकांनी कॉफीचा पेला घेतला आणि न पिता पुढ्यात ठेवून दिला. आईच्या बाबांना विचारावंच लागलं, काय मागणं आहे? "तुमची पोरगी." आणि मग, "प्या कॉफी, दिली." तेव्हा कुठे काका प्याले. पेला तसाच टाकून पाहुणा उठून गेला असता, तर आजोबांना जन्मभर कुणाला तोंड दाखवता आलं नसतं.

तर आइलीबाई पेला खाली ठेवतील. मी त्यांना शिकवून ठेवलंय. काका विचारतील, काय मागणं आहे. बाई म्हणतील, या घरातल्या वतफाच्या तोंडून गोष्ट ऐकायची आहे. मी भाषांतर करीन. काका नाही म्हणूच शकणार नाहीत. परदेशी बाईला तर नाहीच नाही.

बोल, कशी आहे युक्ती? सासूबाई म्हणतात, मी वकील व्हायला हवं होतं.

तुझी,
रुदैना


ऐन हजल
३० मार्च

रुदैनाला सलाम.

वकील नाही, चोर व्हायला हवी होतीस.

तुझं पत्र वाचून मी आधी तोंडावर पदर घेऊन हसले, मग माझं हसू पळालं. पोरी, तो पेला म्हणजे खेळणं नाही. त्या पेल्यावर आपल्याकडे खून माफ झालेत. बापाने मुलाच्या मारेकऱ्याला "पी कॉफी" म्हणून सांगितलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तो बाप मग कनातीपलीकडे येऊन आमच्यात बसला आणि लहान पोरासारखा रडला. आणि तू तो पेला शिकवून पढवून एका बाईच्या हातात देणार! तुझ्या काकांना कळलं ना, की हे आधीपासून ठरवलेलं होतं, तर तो तोंडाने काही बोलणार नाही, पण तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.

म्हणून माझं ऐक. त्या बाईला विचार, तुला खरंच ऐकायची आहे का? इतकी, की परक्याच्या तंबूत बसून मागायची लाज वाटली तरी मागशील? खरंच असेल तर ठेवू दे पेला. मग ते ढोंग नाही. नुसतं रुदैना म्हणाली म्हणून ठेवणार असेल, तर म्हणावं पी आणि घरी जा.

मी यात पडणार नाही. मी तुझ्या काकांना काही सांगणार नाही आणि तुलाही काही सांगितलेलं नाही.

ईद झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आण. गवत तोवर हिरवं असतं. सगळ्यांना सांगून ठेव: पेला उजव्या हातात घ्यायचा. पुरे झालं की हलवायचा, नाहीतर तुझ्या काकांचा नव्वाफ ओततच राहील आणि त्यांना झोप लागणार नाही. पाय पसरून तळवे कुणाच्या तोंडासमोर करायचे नाहीत. आणि जेवायला आणखी काय आहे म्हणून तुझ्या काकांना विचारत बसू नये, त्याला वाटतं काहीतरी कमी पडलं.

बकरा ठरलाय. तुझ्या काकांनी स्वतः निवडला. पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या भावाचं वय दहा वर्षांनी उतरलं. मेला कसला आनंदात आहे.

तुझी आत्या


अम्मान
२६ एप्रिल

आत्या,

पायाशी लोळण घेते, मला माफ कर. ताइमला गालगुंड झालं, ते नेमकं आदल्या दिवशी. तोंड फुगून भोपळ्याएवढं. त्याला टाकून कशी येऊ? पाहुण्यांना नको म्हणायचीही वेळ गेली होती, काकांचा बकरा कापलेला असणार. म्हणून निदालला एकट्याला पाठवलं.

ते परत आलेत आणि कोण काय सांगतंय ते मला कळेनासं झालंय.

आइलीबाई आल्या त्या रडतच. म्हणाल्या, "मी घात केला. मला सगळं पाठ होतं. पेला हातात आला, वेलदोड्याचा वास आला, आणि मी पिऊन टाकला. वर आणखी दोनदा घेतला." मी कपाळाला हात लावला. म्हटलं, संपलं, बुडालो.

पण पाहुण्यांतले कोरियन नवरा-बायको म्हणतात, कार्यक्रम फारच सुंदर झाला. म्हटलं, कसला कार्यक्रम? म्हणे, गोष्टीच्या आधी एक छोटं नाटक होतं. एक म्हातारी पेला खाली ठेवते, एक म्हातारा चिडतो, दोघांची जुंपते, शेवटी म्हातारा हरतो. "म्हाताऱ्याचं काम फार छान होतं," नवरा म्हणाला. "खराच चिडलाय असं वाटत होतं." आम्ही टाळ्या वाजवल्या म्हणे.

निदालला धरलं. तो म्हणतो, "मला वाटलं तुम्ही बसवलेलं आहे. ती दोघं इतकं भराभर बोलत होती, मला भाषांतर करायला सवडच मिळाली नाही. आणि गोष्ट सुरू झाल्यावर तर माझं डोकंच फुटायची वेळ आली, घूलच्या दातांना इंग्रजीत काय काय म्हणू?"

म्हणजे गोष्ट झाली? परक्या पुरुषांदेखत? काकांदेखत? आत्या, तू काय केलंस? काका बोलतायत ना तुझ्याशी? रागावून बसले असतील तर मी येते, त्यांच्या पाया पडते, सगळा दोष माझा म्हणून सांगते. तू त्या घरात कशी आहेस ते आधी कळव. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाहीये.

रुदैना


ऐन हजल
३ मे

अल्लाहच्या नावाने. रुदैनाला तिच्या आत्याचा सलाम. ताइमच्या गालांना कोमट मिठाचा शेक दे आणि त्याला आरसा दाखवू नकोस.

मी मजेत आहे. घाबरायचं सोड आणि बसून वाच.

तुझी आइलीबाई मला आवडली. तिला रडू नको म्हणून सांग. तिने पेला घेतला तेव्हा मी समोर बसून डोळ्यांनी तिला खुणावत होते, ठेव, ठेव. तिने माझ्याकडे बघून गोड हसून पेला उंच केला आणि घटाघटा प्याली. मी दुसऱ्यांदा खुणावलं, तिने दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा मी खुणावायचं सोडून दिलं, नाहीतर बाई रात्रभर जागली असती. तुझ्या काकांची छाती अशी फुगली होती. "बघ," मला म्हणाला, "जगाच्या त्या टोकाची बाई. कॉफी कळते तिला."

आइलीबाईच्या सोबतीला म्हणून मी कनातीबाहेर बसले होते, पाहुण्यांच्या पुढ्यात, त्यांच्यासाठी मांडलेल्या ताटाशेजारी. जेवण झालं होतं. दिवे लावायची वेळ. आता हे लोक उठणार, गाडीत बसणार, आणि त्यांना आपल्याकडचं काय मिळालं? बकरा आणि कॉफी. बकरा तर त्यांना अम्मानच्या हॉटेलातही मिळतो. सहा माणसं, इतक्या दुरून, गोष्ट ऐकायला आलेली, पाय अवघडून मुकाट बसलेली. आणि माझ्या घरची पोरं आत डब्यासमोर. मग मी हात पुढे केला, रुदैना. म्हटलं, "नव्वाफ, मला दे."

त्याने ओतली. मी पेला घेतला आणि खाली ठेवला.

तुझे काका म्हणाले, "पी की, गार होईल."

"होऊ दे गार."

नव्वाफचा हात किटलीसकट तिथेच थांबला. पोराला कळलं. मग तुझ्या काकांना कळलं. त्याच्या तोंडावरचा तो सगळा आनंद उतरला. तरी मी पेला उचलला नाही.

दबक्या आवाजात म्हणाला, "पाहुण्यांसमोर? तू घरची आहेस, वतफा. घरच्या माणसाने पेला ठेवायचा नसतो."

मी म्हटलं, "मी घरची का? मला आणलंस त्या दिवशी काय म्हणालास सगळ्यांना? माझी बहीण पाहुणी आहे. आजवर तेच म्हणत आलास. मग आज नीट सांग. पाहुणी असेन तर विचार मला, काय मागणं आहे. घरची असेन तर या घरात जे आहे ते पाहुण्याला वाढायचा मला तुझ्याइतकाच हक्क आहे. तुझ्याकडे कॉफी आहे, तू कॉफी दिलीस. माझ्याकडे गोष्टी आहेत."

"जीभ आहे की कात्री!"

"आईची आहे. तुलाही तीच मिळाली, तू वापरत नाहीस."

मग तो बोलायला लागला, मी बोलायला लागले, आणि ते तुझं कोरियन जोडपं नाटक म्हणतंय ते हेच. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांच्या पोरांनाही माझ्या गोष्टी येत नाहीत, ते काय म्हणणार. तो म्हणाला, बाईचा आवाज. मी म्हटलं, मी आता साठीची झाले, माझ्या आवाजाला लग्नाची मागणी येणार नाही. कनातीमागे सगळ्या बायका श्वास रोखून होत्या. तो तुझा शहाणा निदाल तोंड उघडं टाकून एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

शेवटी तुझ्या काकांनी खलबत्ता बाजूला सारला. पेल्याकडे बघितलं. कॉफीची वाफ गेली होती. माझ्याकडे बघितलं. आणि जसं विचारायचं असतं तसं, सरळ बसून, मोठ्याने विचारलं, "काय मागणं आहे, माझ्या बापाच्या लेकी?"

"या पाहुण्यांना गोष्ट सांगायची आहे. तुझ्या तंबूत, तुझ्या मर्जीने. चोरून नाही."

रुदैना, त्याने पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "पी कॉफी. दिलं."

मी ती गार कॉफी प्याले. इतकी कडू कॉफी मी कधी प्याले नाही आणि इतकी गोडही नाही. आणि तुझे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले! तुझे काका दचकले. "हे टाळ्या कशाला वाजवतायत?" मी म्हटलं, "आनंद झालाय त्यांना." तो उठला. "मी गाडीचं टायर बघून येतो," म्हणाला आणि बाहेर गेला. दिलं म्हणाला होता, पण बसून ऐकवत नव्हतं त्याला. मला वाईट वाटलं. पण मिळालं ते मिळालं. मी शाल सारखी केली आणि सुरू केलं.

आता तुला सांगते ते कुणाला सांगू नकोस. मी आयुष्यात कधी घाबरले नाही, तेव्हा घाबरले.

आपल्याकडे गोष्ट कशी सुरू होते? सांगणारी म्हणते, "अल्लाह एक आहे म्हणा." ऐकणाऱ्यांनी म्हणायचं, "त्याच्यावाचून दुसरा नाही." मग पुढे. मी म्हटलं, "अल्लाह एक आहे म्हणा." निदालने त्याचं भाषांतर केलं. पाहुण्यांनी मान डोलावली. आणि माझ्याकडे बघत बसले!

उत्तर द्यायचं असतं हे त्यांना कसं ठाऊक असणार? ज्याला ठाऊक असायला हवं तो निदाल पुढच्या वाक्याची वाट बघत होता. मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. त्याने परत भाषांतर केलं. कनातीमागे बांगड्या वाजल्या, कुणीतरी खोकलं, पण परक्या पुरुषांसमोर आवाज कोण काढणार? उम्म नव्वाफने तोंडावर हात दाबून धरला होता असं मला मागून कळलं.

देवाचं नाव घेतलं आणि त्याला उत्तर नाही. ते अधांतरी सोडून गोष्ट पुढे नेता येत नाही. नव्वाफकडे बघितलं, तो बाहेरच्या अंधाराकडे बघत होता, बाप काय म्हणेल या धाकाने. मी इतकी भांडून मागून घेतलेली गोष्ट सुरूच होत नव्हती. मला वाटलं, मुतलक खरं म्हणत होता. ही गोधडीतली चीज. गोधडीबाहेर तिला कुणी ओ देत नाही. माझे डोळे भरून आले. तरी मी तिसऱ्यांदा म्हटलं. आवाज निघाला नाही नीट.

आणि तंबूच्या कापडापलीकडून, माझ्या अगदी पाठीशी, घोगरं, चिडकं उत्तर आलं. "त्याच्यावाचून दुसरा नाही!"

टायर कुठलं गं, तो तिथेच कापडाला टेकून बसला होता.

मग कनातीमागच्या बायका एकदम, "त्याच्यावाचून दुसरा नाही!" नव्वाफ, "त्याच्यावाचून दुसरा नाही!" आणि तुझी आइलीबाई, काहीतरी वाकडंतिकडं, पण म्हणाली. मी म्हटलं, होतं की नव्हतं, एका डोंगरात एक मेंढपाळ होता, त्याला एक लेक होती, आणि डोंगराच्या पोटात घूल राहत होती. पुढचं तुला येतं. घूल दाराशी आली तेव्हा मी आवाज खाली नेला. सहाच्या सहा पुढे सरकले. निदाल भाषांतर करायचा थांबला, आणि कुणाचं काही अडलं नाही. मग मी आइलीबाईच्या पोटात बोट खुपसलं. तिची किंकाळी वाडीपर्यंत गेली.

तुझे काका कधी आत येऊन बसले ते मी बघितलं नाही. गोष्ट संपली तेव्हा विस्तवाशी होते.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याशी बोलायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी कॉफी भाजता भाजता, मान वर न करता, म्हणाला, "रुदैनाचं ते घर. तिथे असेच सगळे मुके बसतात का?"

मी म्हटलं, "हळूहळू शिकतील."

"शिकतील तेव्हा शिकतील. पहिल्या दिवशी काय?"

"रुदैना असेल की."

"ती शहरातली. तीही भाषांतर करत बसेल." बराच वेळ दाणे हलवले त्याने. मग म्हणाला, "माझ्या बहिणीने देवाचं नाव घ्यावं आणि समोरून कुणी ओ देऊ नये, हे मी जिवंत असताना होणार नाही."

आज सकाळी त्याने आपला काळा झगा मआनच्या बाजारात इस्त्रीला दिला. हुलैलच्या बसमध्ये पुढच्या दोन सीटा धरून ठेवायला सांग.

तुझी आत्या,
वतफा